सातशे चाळीस

नात मोबाईल घेऊन मांडीला खेटून बसली.
शाळेत विचारलंय म्हणे,
आजीच्या जन्मादिवशी जगात काय चाललं होतं?
तारीख सांग.
सांगितली. एक जून.
तिनं बोट फिरवलं आणि वाचू लागली :
कुठल्याशा समुद्रात एक जहाज वाळूत रुतलं होतं,
कुठं दोन देशांची माणसं टेबलाशी बसून
काही न ठरवता उठली होती,
कुठं भूकंप, दोन ओळींत.
ती वाचत राहिली. मी सांगितलं नाही
की ही तारीख माझी नाही,
हेरवाडे मास्तरांची आहे.

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला
आणि आमच्या गल्लीतली तेवीस पोरं
एकाच दिवशी जन्माला घातली.
निपाणीत, एका गल्लीत, एका दिवसात
तेवीस बाळंतपणं!
ही बातमी तेवढी कुठल्या पेपरात नाही.

आईला विचारलं होतं मी एकदा, लग्नाआधी.
ती पान कातरत होती. मान वर न करता म्हणाली,
"तारीख कुठली गं.
सातशे चाळीस झाल्या हुत्या."

सातशे चाळीस विड्या.
हजाराला दोनशे साठ कमी.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
आणि कळ आली तेव्हा तिनं आधी सूप बाजूला सारलं,
सांडू नये म्हणून,
मग हाक मारली.

हाकेला धावली ती पलीकडच्या खोलीतली निंगव्वा,
जिला मराठी भांडणापुरतं यायचं.
मला उलटी धरून तीच पहिल्यांदा बोलली :
"हेण्णु कूसु."
मी मुलगी आहे हे जगाला
आधी कन्नडमध्ये कळलं.
आईला कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

आणि बाहेर?
बाहेर म्हणे नाक्यावरच्या पाटीला
रात्रीत कुणी डांबर फासलं होतं.
दोन्हीपैकी कुठली अक्षरं गेली,
आईला सांगता आलं नाही,
तिला दोन्ही वाचता येत नव्हती.
एसटी बंद. बाप संकेश्वरात अडकलेला,
तिसऱ्या दिवशी चालत आला,
पाय सुजलेले, खांद्यावर पिशवी,
पिशवीत लाल मिरच्या.
बाळंतिणीला मिरच्या!
हे सांगताना आई दर वेळी हसायची
आणि हसता हसता तिला खोकला यायचा,
तो मग बराच वेळ थांबायचा नाही.

उरलेल्या दोनशे साठ मलंगबीनं वळल्या.
तिची गाठ जरा वर बसायची.
कारखान्यात चेकरनं हात ओळखला,
चाळीस छाटल्या.
चाळिसांचे पैसे कुणी सोसायचे
यावरून दोघी आठ दिवस बोलत नव्हत्या,
तरी रोज संध्याकाळी मलंगबी यायची,
मला मांडीवर घ्यायची, आणि न बोलता जायची.

आई गेल्यावर ट्रंकेत कार्ड सापडलं.
आकडे कन्नड. एकेक लावत बसले,
शेजारच्या पोराला विचारून विचारून.
शून्य तेवढं दोन्हीकडं सारखं.
एका ओळीत नऊशे साठ.
बाकी सगळ्या ओळी हजाराच्या,
आणि त्या ओळीखाली
बारा दिवस कोरे.
तारखेच्या जागी जर्द्याचा डाग,
डागाखाली सहा असेल किंवा नऊ.
मी नखानं खरवडायला गेले
आणि थांबले,
कागदच गेला असता.

"आजी, कुठलं लिहू? जहाजाचं का भूकंपाचं?"
जहाजाचं लिही, म्हटलं.
पण ते सुटलं का बघ.
तिनं परत बोट फिरवलं, ओठ हलवत वाचलं.
"सुटलं की. चौथ्या दिवशी."

म्हणजे आमचा बाप
एक दिवस आधी पोचला.